मॅडम, बेरीज सहानं कमी होती

मॅडम,

त्या दिवशी कॉलेजातून परतताना ऑटोत तुम्ही मला विचारलं होतं, ‘‘मिस्त्री, चूक तुमच्या लक्षात कधी आली?’’ मी म्हणालो होतो, ‘‘तिथंच. उभ्या उभ्या.’’ तुम्ही मान डोलावली आणि विषय संपला.

मॅडम, ते खोटं होतं. मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

ही एक गोष्ट तुमच्यासमोर बसून सांगायची होती. दर पोळ्याला ठरवायचो, या वर्षी गेलो की सांगतो. आता तुम्ही गेलात त्याला महिनाही झाला नाही, आणि मी इथं बेंगळुरूच्या बाहेर एका फर्निचरच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, प्लायच्या तुकड्यावर वही ठेवून हे लिहितो आहे. आठवीनंतर शाळा सुटली, एवढं सलग कधी लिहिलेलं नाही. वेलांटी चुकली तर सांभाळून घ्या. तुम्ही घ्यायच्याच.

तुमच्या पल्लवीचा फोन आला तेव्हा मी दाराच्या कडांना पट्टी लावत होतो. तुमची शेवटच्या वर्गातली विद्यार्थिनी, तुमचं सॉफ्टवेअर आता तीच सांभाळते. म्हणाली, ‘‘काका, मॅडम गेल्या. सगळं आटोपलं पण. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, पण कोणाला काही सुचलंच नाही.’’ मी ‘बरं’ एवढंच म्हणालो. आलो असतो तरी गाडीला दिवस लागला असता. रडलो नाही, खरं सांगतो. डोळ्यांपुढं आधी आला तो नाचणगावचा तान्हा पोळा.

नाचणगाव तुमचं माहेर आणि माझं गाव. त्या वर्षी मंडळानं तुम्हाला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. पोळ्याचा दुसरा दिवस, लहान लेकरं आपापले सजवलेले लाकडी नंदीबैल घेऊन तोरणाखाली उभी. आठ नंदी, त्यातले पाच माझ्या हातचे. परीक्षक तिघं: शाळेचे गुरुजी, दूध डेअरीचे सचिव आणि तुम्ही. मंडळाच्या पोरानं दहापैकी मार्क भरायचा कागद तुमच्या हातात दिला आणि तुम्ही तो परत केला.

‘‘मी मार्क नाही देणार.’’

‘‘मंग काय देता मॅडम, आशीर्वाद?’’ मागून कोणीतरी बोललं आणि सगळी गर्दी हसली.

तुम्हीही हसलात. म्हणालात, ‘‘मी क्रम लावते. पहिल्यापासून आठव्यापर्यंत. दोघांनीही तसंच करा. गुरुजींचा हात मोकळा, ते सातच्या खाली कोणालाच देणार नाहीत. सचिव दोनही देतील आणि दहाही देतील. बेरीज केली की निकाल सचिवांचाच लागतो. गुरुजी नुसते खुर्ची अडवून बसतात.’’

‘‘पाहा बा,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘वीस वर्षं झाले, मले आज समजलं का मी खुर्ची अडवून राह्यलो.’’

नंबर लिहून घ्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर बरं. तुम्ही तुमचे आठ नंबर सांगितले आणि लेकरांना बोजाऱ्याचे पैसे वाटायला गेलात. एकेका मुठीत नोट देत होतात आणि प्रत्येक नंदीच्या पाठीवरून हात फिरवत होतात. इकडं गुरुजी अडले. दोन नंदी त्यांना एकसारखेच वाटत होते.

‘‘दोघांलेही दुसरा लिह्य,’’ त्यांनी मला सांगितलं.

‘‘अन त्याच्यानंतरच्याले?’’

‘‘तिसरा. तिसरं बक्षीस आणून ठेवलं आहे, ते काय घरी न्याचं?’’

गावात हीच रीत. बक्षीस आणलं की ते कोणाला तरी द्यायचं. मी तसं लिहिलं. तो कागद मी जपून ठेवला, माझ्या पाच नंदींचं कौतुक होतं त्यात. तुम्ही गुरुजींचं बोलणं ऐकलं नव्हतं, हे लक्षात ठेवा मॅडम. पुढं जे झालं ते तिथूनच झालं.

महिनाभरानं तुम्ही मला वर्ध्याच्या घरी पुस्तकांचं कपाट करायला बोलावलं. तुम्ही तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत असायच्या. मला वाटलं, पुस्तक लिहून राह्यल्या. चहा द्यायला आल्या तेव्हा मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘‘कॉलेजच्या पोरांसाठी सॉफ्टवेअर करते आहे. त्यांच्या प्रोजेक्टसाठी. पोरांकडं बारा आकडे असतात, मिस्त्री. अल्लीपूरच्या अंगणवाडीतली बारा लेकरं, नाहीतर एका वाफ्यातली बारा वांग्याची झाडं. आणि पुस्तकातल्या नेहमीच्या चाचण्या म्हणतात, आधी हे आकडे घंटेच्या आकारात, मधे दाट आणि कडेला विरळ, बसतात का ते दाखवा.’’

‘‘अन नाई बसले तं?’’

‘‘तर त्यांना रांगेत उभं करायचं. तू केवढा, हे विचारायचं नाही. कोणाच्या पुढं आणि कोणाच्या मागं, एवढंच विचारायचं. तेवढ्यावर पुष्कळ काही कळतं.’’

मी हातातल्या दोन पट्ट्या जवळ धरल्या. ‘‘मॅडम, हे तं आमी रोजच करतो. टेप कोण काढत बसते? दोन पट्ट्या लागून धरल्या का समजते लांब कोणती.’’

तुम्ही चहाचा कप खाली ठेवला. ‘‘परत सांगा,’’ म्हणालात. मी परत सांगितलं. मग तुम्ही आतून स्टूल आणलं, कॉम्प्युटरपुढं ठेवलं आणि म्हणालात, ‘‘बसा इथं.’’ त्या दिवशी कपाट अर्ध्यावरच राहिलं.

तुमचा नियम ठरला: मिस्त्रीला समजल्याशिवाय एकही पान पोरांपुढं जाणार नाही. मी घाबरलो होतो. शाळा सोडलेला माणूस कागदापुढं बसला की आधी दार कुठं आहे ते पाहतो, तुम्हाला ते माहीत नसेल. पण तुम्ही माझ्या न समजण्याची अशी वाट पाहायच्या, जसं कोणी पाहुण्याची पाहतं. मी ‘नाई समजलं’ म्हटलं की तुमचा चेहरा खुलायचा.

‘‘शून्य परिकल्पना म्हंजे काय?’’

‘‘दोन्ही गटांत काही फरक नाही, असं आधी धरून चालायचं.’’

‘‘मंग तसंच लिहा ना. लपवून काऊन राह्यले?’’

तुम्ही तसंच लिहिलं. मोठ्या अक्षरांत माझं, खाली बारीक अक्षरांत पुस्तकातलं, कारण प्रोजेक्टमध्ये पोरांना पुस्तकातलं नाव लागतं. निकालाच्या पानावर आपण तीन दिवस अडकलो होतो. शेवटी तिथं आलं: ‘काहीच फरक नसता, तरी नुसत्या नशिबानं एवढं किंवा याहून जास्त दिसलं असतं का? शंभरातून किती वेळा?’ ते वाक्य अजून तसंच आहे. सॉफ्टवेअरचं नाव तुम्ही ‘रांग’ ठेवलं. मी म्हटलं, ‘‘लोकांले राशनचं वाटन.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘वाटू द्या. राशनच्या रांगेत सगळ्यांना आपला नंबर बरोबर माहीत असतो.’’

एका गोष्टीवर मात्र आपलं जमलं नाही. निकाल दाखवण्याआधी तुम्ही एक पान घातलं होतं: ‘तुम्हाला काय वाटतं? आधी लिहा.’ लिहिल्याशिवाय पुढं जाताच येत नव्हतं. मी म्हणायचो, पोरांले घाई असते, वैताग येईन त्यांले. तुम्ही म्हणायच्या, ज्यानं आधी अंदाज बांधला नाही त्याला निकाल कळत नाही, नुसता दिसतो. मी इकडं आल्यावरही फोनवर हेच चालायचं. शेवटच्या फोनवर तुम्ही म्हणालात, ‘‘पोळ्याला या, समोरासमोर भांडू.’’ मला सुट्टी मिळाली नाही. मॅडम, तुम्ही गेलात म्हणून मी हरलो असं म्हणणार नाही. पोरांना घाई असतेच.

आता त्या आदल्या दिवसाचं.

तुमच्या जुन्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी ‘रांग’ पाहायचं कबूल केलं होतं. त्यांना पटलं तर पोरांना ते वापरता येणार होतं. नाहीतर ज्या एका कॉम्प्युटरवर विकतचं पॅकेज होतं, त्याच्यापुढं सगळ्या वर्गानं ताटकळत बसायचं, हे आधीपासून चाललेलं. तुम्ही चार वर्षं त्यात घातली होती. डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. आणि दाखवायला उदाहरण म्हणून तुम्ही निवडले ते आमचे आठ नंदीबैल. तिघा परीक्षकांचं मत एकमेकांशी किती जुळतं, हे ‘रांग’ काढून दाखवणार होतं.

आकडे आत घालायला तुम्ही दोन दारं ठेवली होती. पहिल्या दारानं नुसते आकडे द्यायचे, क्रम सॉफ्टवेअर लावतं. दुसरं दार ज्यांनी क्रम आधीच लावले आहेत त्यांच्यासाठी. तिथं जे द्याल ते तसंच घेतलं जायचं. माझा पोळ्याचा कागद दुसऱ्या दारानं मीच भरला. तुम्हीच म्हणाला होता, ‘‘तुमच्या हातानं होऊ द्या.’’

प्रत्येक परीक्षकाच्या खान्याखाली बेरीज दिसत होती. तुमची छत्तीस. सचिवांची छत्तीस. गुरुजींची तीस.

सुताराला हे दिसतंच मॅडम. एका पट्टीचे आठ तुकडे केले आणि पुन्हा जोडून ठेवले, तर पट्टी तेवढीच भरली पाहिजे, करवतीचा भुसा सोडून. सहा म्हणजे भुसा नव्हे. मी पाहिलं, आणि तोंड बंद ठेवलं. मनाला सांगितलं, त्या एमएस्सी आहेत, आपण आठवी, त्यांच्या शास्त्रात तीसच बरोबर असतील. पण खरी गोष्ट वेगळी होती. कागद माझा होता. चूक असली तर माझी निघाली असती, आणि तुम्ही मला स्टुलावरून उठवलं असतं, अशी भीती वाटली. घरी जाताना पुलगावच्या बसमध्ये उभा राहून मी ती चूक सोडवलीसुद्धा. दोन नंदी बरोबरीत, म्हणजे त्यांनी दुसरी आणि तिसरी अशा दोन जागा अडवल्या. सगळं सुटलं. तरी तुम्हाला फोन केला नाही. तुम्ही सकाळी कॉलेजच्या दारात भेटलात, नवं पातळ नेसून. तेव्हाही नाही.

हॉलमध्ये तीसेक पोरं होती, दोन-तीन शिक्षक होते. मी तुमची कॉम्प्युटरची पिशवी घेऊन दाराशी उभा होतो. तुम्ही नंदी दाखवले, पोरं हसली, त्यांना आवडलं. मग विभागप्रमुखांनी तेच आकडे त्यांच्या पॅकेजमध्ये घातले आणि चष्मा वर केला.

‘‘मॅडम, आमच्याकडं वेगळं येतं आहे.’’

तुम्ही पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. त्यांनी पुन्हा चालवलं. त्यांचंही तेच. तुम्ही पदरानं चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. मागच्या बाकावरचा एक पोरगा शेजारच्याला हळूच म्हणाला, ‘‘घरी बनवलेलं आहे ना, हिशेबात कच्चं असन.’’

ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘सर, चूक मॅडमची नाई. गुरुजीच्या खान्यात बेरीज भरत नाई. नंबर मी टाकले, गावच्या रीतीनं.’’

‘‘आपण कोण?’’ प्रमुख म्हणाले.

‘‘सुतार.’’

हॉल हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ‘‘हे माझे तपासनीस आहेत. मिस्त्री, पुढं या. फळ्यावर दाखवा.’’

शाळा सोडल्यावर पहिल्यांदा खडू हातात घेतला. लिहिलं: एक, दोन, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. ‘‘आठ नंदी आहेत, अन शेवटचा सातवा कसा? या दोघांनी दुसरी अन तिसरी, अशा दोन जागा अडवल्या. मंग त्याच्यानंतरचा तिसरा कसा होईन, तो चवथा. अन या दोघांनी दोन अन तीन आपसात वाटून घ्याचे. अडीच, अडीच.’’ खाली बेरीज केली. छत्तीस भरली.

तुम्ही तेच आकडे पहिल्या दारानं आत घातले, म्हणजे क्रम ‘रांग’नं स्वतः लावला, त्यांच्या पॅकेजसारखा. दोन्ही कॉम्प्युटरवर शेवटच्या आकड्यापर्यंत एकच उत्तर आलं. प्रमुख सर वाकून दोन्हीकडं पाहत राहिले, मग त्यांनी स्वतःच टेबल वाजवलं आणि पोरांनी बाकं वाजवली. मागच्या बाकावरच्या त्या पोरानं सगळ्यांत जोरात. मॅडम, माझ्या लग्नात इतका बँड वाजला नव्हता.

सरांनी तुम्हाला विचारलं, ‘‘यांचं शिक्षण किती?’’

तुम्ही म्हणालात, ‘‘चालू आहे.’’

त्याच आठवड्यात ‘रांग’ कॉलेजच्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढलं. त्या वर्षी एकाही पोराला पॅकेजच्या कॉम्प्युटरपुढं बसून राहावं लागलं नाही. नर्सिंगच्या पोरी आल्या, शेतकी शाळेची पोरं आली. अल्लीपूरची एक पोरगी पेढे घेऊन तुमच्याकडं आली आणि तुम्ही तिला माझ्याकडं पाठवलं, ‘‘आधी मिस्त्रीला दे.’’ दुसऱ्या दाराला तुम्ही कडी लावली. आता आठ जणांची बेरीज छत्तीस भरली नाही, तर सॉफ्टवेअर थांबतं आणि विचारतं, ‘बेरीज भरत नाही. कोणी बरोबरीत आहे का?’ ते शब्द माझे. कोणत्या तरी गावात कोणी पोरगं गुरुजींसारखी चूक करतं आणि माझे शब्द त्याला अडवतात, हा विचार आला की मला इथं मशीनच्या आवाजातही छाती फुगल्यासारखी वाटते.

आणि तरी तुम्ही ऑटोत विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. कारण त्या दिवशी मी मोठा झालो होतो, आणि आदल्या दिवसाचं सांगितलं असतं तर पुन्हा लहान झालो असतो. हॉलमध्ये तो पोरगा बोलला नसता, तर मी बोललो असतो का? माहीत नाही. तुमची चार वर्षं माझ्या गप्प बसण्यावर टांगलेली होती, आणि मी पिशवी धरून उभा होतो.

पण एक विचार अलीकडं येतो. ‘अडीच’ असं फळ्यावर न अडखळता लिहिणारा माणूस काही उभ्या उभ्या हिशेब करत नाही. हे तुमच्यासारख्या बाईला कळलं नसेल? तुम्ही मान डोलावली ती ‘ठीक आहे’ म्हणून, की ‘कळलं मला’ म्हणून? आता कोणाला विचारू. दोन्हीपैकी काहीही असो, दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला होता, ‘‘मिस्त्री, नवं पान झालं आहे, स्टूल रिकामं आहे.’’ तेवढं मला पुरलं. मेहुण्यानं इथं काम लावून दिलं तेव्हा मी निघू शकलो तेही त्याच जोरावर. नाहीतर मी वर्ध्याच्या पुढं एकटा गेलो नसतो.

परवा पल्लवीनं तुमचं शेवटचं पान पाठवलं. आधी आणि नंतर मोजलेल्या जोड्यांचं, तुम्ही जवळजवळ पुरं केलेलं. म्हणाली, ‘‘मॅडमचा नियम मोडायचा नाही. पाहून सांगा काका, घाई नाही.’’ मी मशीनजवळ उभ्यानंच मोबाइलवर उघडलं. उदाहरणात दहा पोरांचे मार्क होते, शिकवणी लावण्याआधीचे आणि नंतरचे. खाली उत्तरात लिहिलं होतं, आठ जोड्या.

तुमचं शेवटचं काम, आणि त्यात खोट काढायची ती मी? संध्याकाळी शांतपणे पाहू, असं मन म्हणालं. मी मशीन बंद केलं आणि तिथूनच फोन लावला.

‘‘पल्लवी, थांबव. हे बाहेर जाऊ देजो नको. दहा पोरं होते, आठच उरले. दोन कुठं गेले?’’

ती पलीकडं पाहत होती. मग म्हणाली, ‘‘काका, बरोबर आहे ते. दोन पोरांचे मार्क आधी आणि नंतर सारखेच आहेत. वर ना खाली. या रीतीत अशा जोड्या बाजूला काढूनच क्रम लावतात. तुम्ही चुकले.’’

‘‘पक्कं?’’

‘‘पक्कं. मॅडमच्या हातचं टिपण आहे इथं.’’

‘‘मंग पानावर काऊन नाई लिहिलं तसं? पोरांले वाटन, दोन पोरं हरवले.’’

पलीकडून कीबोर्डचा टकटक आवाज आला. ‘‘लिहिते आहे,’’ ती म्हणाली, ‘‘सांगा, कसं लिहू?’’

मी सांगितलं, तिनं लिहिलं, आणि पान त्याच दुपारी बाहेर गेलं, मॅडम. तुमचं शेवटचं पान, माझ्या एका ओळीसकट.

फोन ठेवला तेव्हा शेजारच्या मशीनवरचा ओडिशाचा कारागीर माझ्याकडं पाहत होता. ‘‘क्या हुआ चाचा, बड़े खुश हो?’’

‘‘गलत निकला मैं,’’ मी म्हटलं, आणि मशीन सुरू केलं.